घरच्या टाकीतला फुलपाखरू मासा: रंगाआधी तोंड बघा

पिवळंधमक अंग, डोळ्यावरून उतरलेला काळा पट्टा, शेपटीकडे डोळ्यासारखाच एक ठिपका. फुलपाखरू मासा, म्हणजे बटरफ्लायफिश, आवडायला एवढं पुरेसं आहे. पण तो घरच्या टाकीत तगेल की नाही हे ठरतं त्याच्या तोंडावर. हे तोंड लहान, पुढे निघालेलं आणि बारीक केसांसारख्या दातांचं असतं. खडकांच्या फटींतून, प्रवाळांवरून दिवसभर थोडंथोडं टिपत राहायचं ही त्याची रीत. नवख्यांच्या घरी हा मासा बहुधा दोनच कारणांनी जातो: एक तर उपासमार, नाहीतर समुद्रातून किंवा दुकानातून सोबत आलेले परजीवी. दोन्हींवरचा उपाय मासा मुख्य टाकीत सोडण्याच्या आधी करायचा असतो, म्हणून या लेखात निवड, क्वारंटाइन (नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं) आणि खाणं यांनाच सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. ‘आफ्रिकन बटरफ्लायफिश’ नावाचा एक गोड्या पाण्यातला मासा विकला जातो. पाण्याच्या पृष्ठभागाशी तरंगत राहणारा, तपकिरी, पंखांसारखे पर पसरणारा. त्याचा आपल्या माशाशी काही संबंध नाही. आपण बोलतोय ते कीटोडॉन्टिडी कुळाबद्दल. यात सुमारे १३० जाती आहेत आणि त्या समुद्रातल्या आहेत. तेव्हा खाऱ्या पाण्याची टाकी अजून कधी चालवली नसेल तर आधी क्लाउनफिश, गोबी, कार्डिनल असे सोशिक मासे घेऊन निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर हात बसवा. खाऱ्या पाण्याचा पहिलाच मासा म्हणून बटरफ्लाय आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: जात निवडा

सगळ्यात मोठा निर्णय हाच. इथे चूक झाली तर पुढची कितीही मेहनत कामी येत नाही.

काही जाती जवळजवळ फक्त जिवंत प्रवाळ खातात. शेवरॉन बटरफ्लाय (कीटोडॉन ट्रायफॅशियालिस) हे याचं टोकाचं उदाहरण: तो मुख्यतः टेबलासारख्या पसरणाऱ्या अॅक्रोपोरा प्रवाळांवरच जगतो, आणि प्रवाळ मेले की त्या भागातून तोही नाहीसा होतो. ऑर्नेट, मेयर्स, बॅरोनेसा, लुन्युलेटस, तांबड्या समुद्रातला ऑस्ट्रिएकस, आठ पट्ट्यांचा ऑक्टोफॅशिएटस हेही याच गटातले. टाकीत यांना मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे बारीक जीव), काहीही दिलं तरी बहुतेक वेळा ते बघतात, कधी तोंडात घेऊन थुंकतात आणि काही आठवड्यांत खंगतात. ‘मी नेला नाही तर दुकानात मरेल बिचारा’ म्हणून यातला एखादा घरी आणू नका. तो विकला गेला की त्याच्या जागेवर समुद्रातून पकडलेला दुसरा येतो. बटरफ्लायची घरगुती पैदास अजून फारच विरळ आहे. त्यांची पिल्लं बरेच आठवडे उघड्या समुद्रात तरंगत वाढतात आणि तो काळ टाकीत पार पाडणं अवघड असतं. त्यामुळे दुकानातला जवळजवळ प्रत्येक मासा प्रवाळ खडकावरूनच आलेला आहे, हे लक्षात ठेवून निवड करा.

नवख्याने ज्यांच्यापासून सुरुवात करावी अशा जाती थोड्या आहेत, पण चांगल्या आहेत.

थ्रेडफिन किंवा ऑरिगा हा माझा पहिला सल्ला. पांढऱ्या अंगावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेषा, मागचा भाग पिवळा, आणि मोठा झाला की पाठीच्या परातून मागे निघणारा लांब धागा. समुद्रात तो किडे, कोळंबीसारखे बारीक जीव, अॅनिमोनचे (समुद्रफुलांचे) तुकडे, शेवाळ असं सगळं खातो, म्हणून टाकीतलं खाणं लवकर शिकतो. रॅकून (कीटोडॉन लुन्युला) तसाच खादाड. या कुळातले बहुतेक मासे दिवसा वावरतात, रॅकून मात्र रात्रीही फिरतो. व्हॅगाबाँडही सोशिक आहे. हे तिन्ही २० सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडे मोठे होतात. टाकी जरा लहान असेल तर क्लाइन्स (कीटोडॉन क्लाइनाय) बघा. रंगाने साधा, बदामी-पिवळसर, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, पण तो १५ सेंटीमीटरच्या आत राहतो आणि खाण्याच्या बाबतीत या सगळ्यांइतकाच भरवशाचा आहे.

पाचवा बॅनरफिश. यातही दोन भाऊ आहेत आणि दुकानात त्यांची सर्रास अदलाबदल होते. हेनिओकस डायफ्र्युटीस हा थव्याने राहून पाण्यातले तरंगते जीव टिपणारा. प्रवाळांना सहसा त्रास देत नाही. हेनिओकस अॅक्युमिनेटस मोठा होतो, जोडीने किंवा एकटा फिरतो आणि प्रवाळांवर तोंड मारू शकतो. पाठीच्या परातले काटे मोजता आले तर डायफ्र्युटीसला साधारण १२ असतात, अॅक्युमिनेटसला ११. पोहणाऱ्या माशाचे काटे मोजणं सोपं नाही, म्हणून स्पष्ट फोटो काढून घरी मोठा करून मोजा. आणि या दोघांसारखा दिसणारा तिसरा, मूरिश आयडॉल, चुकून उचलू नका. त्याची शेपटी काळी असते, बॅनरफिशची पिवळी. मूरिश आयडॉल टाकीत जगवणं अनुभवी लोकांनाही जड जातं.

लांब तोंडाच्या कॉपरबँड बटरफ्लायबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बरेच लोक केवळ त्याच्यासाठीच या कुळाकडे वळतात. टाकीत ऐप्टेशिया नावाचे उपद्रवी अॅनिमोन माजले की ‘कॉपरबँड आणा, तो खातो’ असा सल्ला मिळतो. काही कॉपरबँड खातात हे खरं. पण ऐप्टेशिया संपल्यावर त्याला रोज काय घालणार, याचं उत्तर तयार नसेल तर तो मासा उपाशी मरतो. लांब सोंडेचे पिवळे फोरसिपिजर त्यामानाने बरे. तरी या लांब तोंडाच्या माशांना दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

प्रवाळांची टाकी असेल तर निवड आणखी आखडते. डायफ्र्युटीस आणि पिरॅमिड बटरफ्लाय (हेमिटॉरिक्थिस पॉलिलेपिस) हे तरंगतं खाणारे दोघंच त्यातल्या त्यात विश्वासाचे. ऑरिगा, रॅकून वगैरे मासे अॅनिमोन, नळकिडे, मऊ प्रवाळ खाणारच. तो त्यांचा स्वभाव आहे, शिकवून जात नाही. म्हणून पहिल्या बटरफ्लायसाठी फक्त मासे आणि खडक असलेली टाकी सोयीची.

दुसरी पायरी: टाकी मुरू द्या

ऑरिगा, रॅकून, व्हॅगाबाँड यांच्यासाठी साधारण ४५० लिटर आणि पाच फूट लांबी धरा. क्लाइन्ससाठी ३०० लिटर चालेल. बॅनरफिशचा लहान थवा ठेवायचा तर ७०० लिटरच्या खाली विचार करू नका. हे मासे अंगाने चपटे असल्याने कमी जागेत मावतील असं वाटतं, पण ते दिवसभर फिरत असतात.

आकारापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे टाकीचं वय. कचऱ्यातून अमोनिया, जिवाणूंमुळे त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट हे चक्र चार ते सहा आठवड्यांत बसतं आणि चाचणीत अमोनिया-नायट्राइट शून्य दिसायला लागतं. क्लाउनफिशला तेवढं चालतं, बटरफ्लायला नाही. त्याला असे खडक हवेत ज्यांवर बारीक किडे, अँफिपॉडसारखे चिमुकले कवचधारी जीव, शेवाळाचा थर वाढलेला आहे, म्हणजे दोन जेवणांच्या मध्ये त्याला टिपायला काहीतरी राहतं. असा थर यायला सहा महिने लागतात. खडक रचताना भिंत बांधू नका. मासा आरपार जाईल अशा फटी आणि रात्री अंग घुसवून झोपता येईल असे कोनाडे ठेवा.

पाण्याचे आकडे असे: तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचं माप) १.०२४ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्यतो २० पीपीएमच्या (दहा लाखात २० भाग) आत. मीठ कालवायला आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी वापरा. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटर या यंत्राने मोजा आणि तो रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणाने अधूनमधून जुळवून घ्या. न जुळवलेलं यंत्र चुकीचा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने दाखवतं. प्रोटीन स्किमर (फेसाने पाण्यातला कचरा काढणारं यंत्र) टाकीच्या क्षमतेपेक्षा एक माप मोठा घ्या, कारण या माशाला वारंवार खायला घालावं लागतं आणि त्याचा कचरा पाण्यातच उतरतो. पृष्ठभाग हलता ठेवला की प्राणवायूची चिंता राहत नाही.

शेजारी शांत हवेत. ट्रिगरफिश, मोठे डॉटीबॅक, भांडखोर डॅमसेल असलेल्या टाकीत बटरफ्लाय कोपऱ्यात लपून राहतो आणि त्याच्या वाटणीचं खाणं दुसरेच फस्त करतात. सर्जनफिश ठेवायचेच असतील तर बटरफ्लाय स्थिरावल्यावर आणा. एकाच दिसण्याच्या दोन बटरफ्लाय जाती एकत्र टाकू नका, आणि एकाच जातीचे दोन घ्यायचे तर दुकानात आधीपासून जोडीने फिरत असतील तरच घ्या.

तिसरी पायरी: दुकानात मासा पारखा

मासा समोरून बघा. बाजूने सगळे बटरफ्लाय सुदृढ दिसतात. समोरून पाहिलं की डोळ्यांच्या वर, पाठीला जिथे सुरुवात होते तिथलं मांस आत बसलंय का ते कळतं. तिथे खाच दिसली किंवा पोट खपाटीला गेलेलं असेल तर मासा बराच काळ उपाशी आहे. असा मासा खायला लागला तरी बऱ्याचदा सावरत नाही.

मग तोंड. वाहतुकीत पिशवीला धडकून ओठ सोलवटतात, आणि दुखऱ्या तोंडाचा मासा खात नाही. ओठांवर पांढरेपणा, लाली, वाकडेपणा दिसला तर राहू द्या. श्वास जलद चाललाय, एकच कल्ला उघडतोय, डोळे धुरकट आहेत, खडकाला अंग घासतोय, यातलं एक जरी दिसलं तरी परत फिरा.

शेवटी, आणि यात कसलीही सूट नाही: विक्रेत्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. जिवंत ब्राइन श्रिम्प नव्हे, गोठवलेलं मायसिस. मासा धावून आला, गिळलं आणि पुन्हा शोधायला लागला, तर तुमचा मासा सापडला. ‘कालच आलाय, उद्या खाईल’ असं ऐकलं तर आगाऊ रक्कम देऊन आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा. मासे कसे पकडले जातात हेही विचारा. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही सायनाइड फवारून, गुंगी आणून मासे धरण्याची वाईट पद्धत चालत आली आहे. असा मासा आरंभी बरा दिसतो आणि काही दिवसांनी कारण न कळता जातो. जाळ्याने पकडल्याची खात्री देणारा विक्रेता सापडला तर त्याला धरून राहा.

आकार ८ ते १२ सेंटीमीटर असावा. त्याहून बारकी पिल्लं एकदोन दिवसांच्या उपासातच खचतात, आणि पूर्ण वाढलेल्या माशाच्या खाण्याच्या सवयी घट्ट झालेल्या असतात.

चौथी पायरी: घरी आणताना

दुकानातल्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व विचारून घ्या आणि क्वारंटाइन टाकीचं पाणी आधीच तेवढं करून ठेवा. मग घरी आल्यावर पिशवी २० मिनिटं तरंगवून तापमान जुळवायचं आणि मासा लगेच टाकीत सोडायचा. थेंबथेंब पाणी मिसळत तासन्‌तास बसवून ठेवू नका. लांबून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण पाण्याचा पीएच उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी दिवे बंद.

पाचवी पायरी: क्वारंटाइन

ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत. कृपा करून त्यांच्यात जाऊ नका. बटरफ्लायवर परजीवी नेहमीच येतात, आणि मुख्य टाकीत एकदा शिरले की खडक-प्रवाळांसह तिथे औषध घालता येत नाही.

७५ ते १०० लिटरची रिकामी टाकी, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आणि मुख्य टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर एवढं पुरे. रेती नको, खडक नको; खडक औषधातलं तांबं शोषून घेतात. अमोनिया रोज तपासा आणि वर गेला की पाणी बदला. मुक्काम किमान चार, शक्यतो सहा आठवडे.

पहिला आठवडा, रोगाचं काही चिन्ह नसेल तर, औषधाविना जाऊ द्या. त्याला फक्त खाऊ दे. खाणारा मासा औषध सोसतो. त्यानंतर कातडीवरच्या आणि कल्ल्यांतल्या फ्लूक किड्यांसाठी प्राझिक्वांटेल, लिटरमागे २.५ मिलिग्रॅम, आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा एक मात्रा, कारण पहिल्या मात्रेत किडे मरतात पण अंडी वाचतात. औषध चालू असताना बुडबुडे सोडणारा हवेचा दगड (एअरस्टोन) जोरात चालू ठेवा.

मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, बोलीभाषेत व्हाइट स्पॉट. काही दिवसांनी ठिपके आपोआप गळतात आणि लोक सुटकेचा श्वास सोडतात. प्रत्यक्षात परजीवी तळाशी कोष करून वाढत असतो आणि नव्या पिढीसह परत येतो. पिठासारखी अगदी बारीक धूळ अंगावर दिसली, मासा धापा टाकतोय, प्रवाहाच्या तोंडाशी उभा राहतोय, उजेड टाळतोय, तर तो व्हेल्वेट, अॅमिलूडिनियम. याला वाट पाहण्याइतका वेळ नसतो. तो दोनचार दिवसांत मासा नेतो. दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं. बटरफ्लायला तांबं जड जात असल्याने पातळी तीन ते पाच दिवसांत हळूहळू चढवा. आयनिक (सुट्या) तांब्याची उपयोगी पातळी ०.१५ ते ०.२० पीपीएम असते, चिलेटेड (दुसऱ्या रेणूने बांधलेल्या) तांब्याची त्याच्या कितीतरी पट. तेव्हा बाटलीवर कोणता प्रकार लिहिलाय ते वाचा आणि त्याच प्रकाराला चालणाऱ्या किटनेच मोजा. अंदाजाने कधीच घालू नका. मासा खाणं सोडेल तर पाणी बदलून पातळी खाली आणा.

अंगावर लाल, उघडी जखम पसरताना दिसली तर युरोनिमा या परजीवीचा संशय घ्या. त्यावर तांबं लागू पडत नाही. जलचरांची जाण असलेल्या पशुवैद्याला लगेच विचारा. पराच्या कडेला फुलकोबीसारखी पांढरी गाठ म्हणजे लिम्फोसिस्टिस. हा विषाणू आहे, दिसतो वाईट, पण चांगल्या खाण्यावर आणि शांततेत सहसा आपोआप ओसरतो. त्यासाठी औषध घालू नका.

मुख्य टाकीत व्हाइट स्पॉट आधीच शिरला असेल तर सगळे मासे काढून ती किमान अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

सहावी पायरी: खायला शिकवणं

दुकानात खाल्लेला मासाही नव्या घरी दोन-तीन दिवस तोंड लावत नाही. घाबरू नका, पण हातावर हात ठेवूनही बसू नका.

पहिल्या दिवशी ताजा शिंपला उघडून, अर्ध्या कवचासकट तळाशी ठेवा. मला यासारखा दुसरा उपाय माहीत नाही. तरंगणारा मायसिसचा तुकडा त्याला अन्न वाटत नाही, पण कवचातलं मऊ मांस टिपणं हे तो समुद्रातही करत आलाय. सोबत जिवंत ब्राइन श्रिम्प सोडा. ते हलतात, म्हणून लक्ष वेधतात. ब्राइन श्रिम्पमध्ये पोषण मात्र बेताचंच, त्यावर आठवड्यांमागून आठवडे काढू नका. शिंपल्याला तोंड लावलं की दुसऱ्या दिवशी त्याच कवचात बारीक चिरलेलं मायसिस आणि शिंपल्याचं मांस मिसळून भरा, मग मायसिसचं प्रमाण वाढवत न्या. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा किंवा खडबडीत खडक घेऊन त्याच्या खाचांत पेस्टचं खाद्य दाबून भरणं हीदेखील चांगली युक्ती. जे माशाला टिपून काढावं लागतं ते तो लवकर स्वीकारतो.

क्वारंटाइनमध्ये एखादा निरोगी, शांत आणि खादाड लहान मासा सोबत असेल तर त्याला बघून बटरफ्लाय लवकर खाऊ लागतो. चार दिवस काहीच खाल्लं नाही तर शिंपल्याऐवजी कालव, चिरलेली कोळंबी, स्क्विड असं बदलून बघा. आठवडा उलटला तर टाकीवर कापड टाकून वर्दळ कमी करा, आणि औषध चालू असेल तर थांबवा.

एकदा गाडी रुळावर आली की दिवसातून तीन ते पाच वेळा थोडंथोडं द्या. मायसिस हा कणा. त्याच्या जोडीला शिंपला, कोळंबी, समुद्री स्पंज मिसळलेलं अँजेलफिशचं गोठवलेलं खाद्य, ऑरिगा आणि रॅकूनसाठी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि स्पिरुलिना. आठवड्यातून दोनदा खाद्य जीवनसत्त्वांच्या आणि ओमेगा-३ च्या द्रावणात भिजवा. शेवटी बारीक, बुडणाऱ्या गोळ्यांची सवय लावा. पाठीचा मांसल भाग दर रविवारी समोरून बघा; वजनकाटा तोच.

सातवी पायरी: मुख्य टाकीत

दिवे मालवल्यावर सोडा, आणि जुने मासे दांडगे असतील तर दोन-तीन दिवस छिद्रांच्या खोक्यात ठेवा, म्हणजे ते त्याला बघून निवतील. पहिल्या रात्री टॉर्च मारून पाहिलं तर मासा काळपट, डागाळलेला दिसेल. ते आजारपण नाही. अनेक जाती रात्री रंग बदलतात, सकाळी मूळ रंग परत येतो.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, नायट्रेट मोजा, स्किमरचा पेला धुवा. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ हवाच. आणि चार दिवस बाहेरगावी जायचं असेल तर गोळ्यांचा स्वयंचलित फीडर आधी दोन आठवडे घरी असताना लावून बघा. त्यातून पडलेल्या गोळ्या मासा खरोखर खातोय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निघू नका.